थांबायचं ते फक्त थांब्यावर : झ्युरिकच्या ट्रामचं प्रकरण

झ्युरिक शहरात मिल्खबुकच्या थांब्यावरून श्वामेंडिंगेनकडे निघालेली ट्राम बोगद्यात शिरण्याआधी एक चमत्कारिक गोष्ट करते. तिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात. आतापर्यंत रस्त्याच्या उजव्या बाजूने धावणारी गाडी त्या छेदावरून डावीकडे जाते आणि तशीच, डाव्या हाताने, जमिनीखाली उतरते. आत तीन स्थानकं लागतात : टिअरश्पिटाल, वाल्डगार्टेन आणि श्योर्लीस्ट्रास. तिन्ही ठिकाणी फलाट मधोमध आहे आणि रूळ त्याच्या दोन अंगांना. झ्युरिकच्या ट्रामना दारं फक्त उजवीकडे असतात. गाडी नेहमीसारखी उजव्या रुळाने आली तर फलाट तिच्या डावीकडे येईल आणि एकही प्रवासी उतरू शकणार नाही. म्हणून ही अदलाबदल. पलीकडे श्वामेंडिंगेनला वर आल्यावर गाड्या पुन्हा आपापल्या बाजूला जातात.

हा बोगदा ट्रामसाठी आखलेलाच नव्हता. तो मेट्रोसाठी होता. मेट्रो येणारच असं गृहीत धरून त्याचं काम आधीच हाती घेतलं होतं, आणि मग शहरातल्या लोकांनी मतदान करून मेट्रो नाकारली. उरलेल्या भोकातून १ फेब्रुवारी १९८६ पासून ट्राम धावू लागली.

चांगली सार्वजनिक वाहतूक मागणाऱ्या माणसांनी भूमिगत रेल्वेला नकार द्यावा, हे ऐकायला उलटं वाटतं. पण ते नेमकं असंच घडलं, आणि त्या नकारातूनच युरोपातली एक उत्तम शहर वाहतूक उभी राहिली. झ्युरिक काही लंडन-पॅरिसच्या मापाचं महानगर नाही. १९६२च्या सुमारास, लोकसंख्या तेव्हाच्या शिखरावर असताना, तिथे साधारण ४ लाख ४० हजार लोक राहत होते. मध्यम आकाराच्या शहरात वाहतुकीसाठी भांडणाऱ्या कुणालाही हे प्रकरण बारकाईने वाचण्यासारखं आहे, कारण यात मागणी कशी मांडावी, हा प्रश्न अगदी मुळापासून सुटलेला दिसतो.

दोन नकार

झ्युरिकमध्ये घोड्यांची ट्राम १८८२ मध्ये आली, विजेची १८९४ मध्ये, आणि लवकरच शहराने ती स्वतःच्या ताब्यात घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या तशी ट्राम त्यांच्यात अडकू लागली. जगभरच्या शहरांत तेव्हा हेच चाललं होतं आणि त्यावरचा उपायही सगळीकडे सारखाच सुचवला जात होता : ट्राम काढून टाका, नाहीतर जमिनीखाली घाला. स्वित्झर्लंडमध्येच जिनिव्हाने पहिला मार्ग धरला. एकेकाळी मोठं जाळं असलेल्या त्या शहरात १९६९ पर्यंत १२ क्रमांकाचा एकच ट्राममार्ग शिल्लक राहिला.

झ्युरिकच्या नियोजनकारांनी दुसरा मार्ग सुचवला. शहराच्या मध्यभागात ट्राम बोगद्यातून न्यायची. खर्च अर्ध्या अब्ज फ्रँकच्या वर. स्वित्झर्लंडमध्ये एवढा मोठा खर्च करायचा तर तो मतदारांपुढे ठेवावाच लागतो, प्रशासनाने ठरवलं आणि काम निघालं असं होत नाही. १ एप्रिल १९६२ रोजी मतदान झालं आणि प्रस्ताव पडला. त्या दिवशी मत दिलं ते फक्त पुरुषांनी, कारण तिथल्या बायकांना तेव्हा मताधिकारच नव्हता. झ्युरिकच्या कँटोनमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत तिथल्या राज्यात, तो १९७० मध्ये मिळाला. दिवसभर ट्रामने ये-जा करणाऱ्यांचा मोठा भाग पहिल्या निर्णयात मोजलाच गेला नव्हता, ही गोष्ट या प्रकरणाच्या वर्णनांत सहसा एका ओळीत उरकली जाते. मला ती फार मोठी वाटते.

नियोजनकार दहा-अकरा वर्षांनी अधिक मोठी योजना घेऊन आले. या वेळी खरीखुरी मेट्रो होती : पश्चिमेला डिएटिकॉनपासून मुख्य रेल्वे स्थानकाखालून आणि श्वामेंडिंगेनमधून थेट क्लोटेनच्या विमानतळापर्यंत. जोडीला उपनगरी रेल्वेची योजनाही होती, दोन्ही एकाच मतपत्रिकेत बांधलेल्या. प्रशासनाचा आत्मविश्वास एवढा की मतदानाआधीच काही कामं सुरू झाली. १९७० मध्ये मुख्य स्थानकासमोर जमिनीखाली दुकानांचा नवा तळ उघडला, तेव्हा त्याच्याखाली मेट्रोच्या फलाटांची जागा राखूनच बांधकाम केलं होतं. मिल्खबुकचा बोगदाही त्यातलाच.

२० मे १९७३ रोजी लोकांनी हेही नाकारलं, शहरातही आणि सगळ्या कँटोनमध्येही.

या दुसऱ्या नकाराची कारणं पहिल्यापेक्षा वेगळी आणि जास्त विचार केलेली होती. खर्चाची भीती होतीच. पण विरोधकांचा खरा मुद्दा शहराच्या भवितव्याचा होता. मेट्रो आली की तिच्या स्थानकांभोवती जमिनीचे भाव चढतील, राहती घरं पाडून कचेऱ्या उभ्या राहतील, मध्यवस्तीतला भाडेकरू बाहेर फेकला जाईल आणि मग त्याला रोज आत आणण्यासाठी आणखी मेट्रो लागेल. लोक शहर सोडून उपनगरांत जाऊ लागलेच होते. दुसरा मुद्दा रस्त्याचा होता. ट्राम आणि बस वापरणारा माणूस जमिनीखाली घातला की वरचा सगळा रस्ता मोटारींना मोकळा. म्हणजे पैसा सार्वजनिक वाहतुकीच्या नावाने खर्च व्हायचा आणि त्याचा मोठा फायदा मात्र गाडीवाल्याला मिळायचा. आणि प्रवाशाने रोज दोन जिने उतरायचे, दोन चढायचे.

हा युक्तिवाद सगळा बरोबर होता असं मी म्हणणार नाही. मेट्रोबरोबर उपनगरी रेल्वेही बुडाली आणि ती पुन्हा मतदानाला यायला आठ वर्षं गेली. हे नुकसान खरं होतं. दोन वेगळ्या गोष्टी एका मतपत्रिकेत बांधण्याचा तो परिणाम. पण लोकांनी ‘नाही’ म्हटलं म्हणजे त्यांना ट्राम-बस नकोच आहे, असा अर्थ काढणं ही सर्वांत मोठी चूक ठरली असती.

नकारानंतर काय मागायचं

विरोध करणाऱ्यांचं काम साधारणपणे इथे संपतं. योजना पडते, फलक उतरतात, माणसं घरी जातात, आणि रस्त्यावरची बस होती तशीच गर्दीत रखडत राहते. झ्युरिकमध्ये तसं झालं नाही. मेट्रोला नको म्हणणाऱ्यांच्या वर्तुळातूनच पुढचा प्रश्न आला : मग हवं काय?

स्विस पद्धतीत ठरावीक संख्येने सह्या गोळा केल्या की नागरिकांना स्वतःचा प्रस्ताव मतदानाला आणता येतो. त्याला आपण लोकप्रस्ताव म्हणू. सार्वजनिक वाहतुकीच्या प्रोत्साहनासाठी असा एक लोकप्रस्ताव आला. मागणी साधी होती. शहराने दहा वर्षांत २० कोटी फ्रँक खर्च करावेत, पण नव्या बोगद्यांवर किंवा पुलांवर नव्हे. आहेत त्याच ट्राम आणि आहेत त्याच बस रस्त्यावर अडकू नयेत, एवढ्यासाठी. १३ मार्च १९७७ रोजी हा प्रस्ताव मंजूर झाला, तोही अगदी थोड्या फरकाने. जवळजवळ अर्ध्या मतदारांनी विरोधात मत दिलं होतं. पुढे जे झालं त्याला सगळं शहर आनंदाने तयार होतं, अशी गोड समजूत करून घ्यायला जागा नाही.

या मागणीची ताकद तिच्या नेमकेपणात आहे. ‘सार्वजनिक वाहतूक सुधारा’ असं म्हणणाऱ्याला कुणी विरोध करत नाही, म्हणूनच त्यातून काही निष्पन्नही होत नाही. प्रशासन मान हलवतं, समिती नेमतं. पण ‘ट्राम आणि बस थांबायची ती फक्त थांब्यावर, सिग्नलला नाही आणि मोटारींच्या मागे तर नाहीच’ असं म्हटलं, की प्रत्येक चौक तपासता येतो. इथे गाडी किती सेकंद उभी राहिली? कशामुळे? कुणी डावीकडे वळायला (तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावं वळण आडवं पडतं) रूळ अडवून उभा होता म्हणून? पार्क केलेल्या मोटारीचं तोंड बाहेर आलं होतं म्हणून? सिग्नल उशिरा पडला म्हणून? प्रत्येक कारणाला वेगळा उपाय आहे आणि प्रत्येक उपाय स्वस्त आहे. अवघड आहे ते राजकारण, कारण प्रत्येक उपायात कुणाकडून तरी रस्त्याचा तुकडा किंवा हिरव्या दिव्याचे काही सेकंद काढून घ्यावे लागतात.

पैसे असेच खर्च झाले. रुळांची जागा मोटारींपासून वेगळी केली. जिथे रुंदी होती तिथे कठडा घातला, जिथे नव्हती तिथे नुसता पट्टा मारला आणि नियम केला. बससाठी स्वतंत्र मार्गिका आखल्या. रूळ ओलांडून डावीकडे वळायला अनेक चौकांत बंदी घातली. थांब्यांवर प्रवाशांना उभं राहायला पदपथ पुढे आणले. काही रस्ते मोटारींना आरपार जाण्यासाठी बंद केले. यातलं कुठलंही काम उद्घाटनाची फीत कापण्यासारखं नव्हतं.

चौकातले पंधरा सेकंद

सिग्नलचं काम मात्र जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण सगळी मजा तिथे आहे.

झ्युरिकच्या रस्त्यात, डांबराच्या थरात, तारेची वेटोळी पुरलेली असतात. ट्राम किंवा ट्रॉलीबस त्यावरून गेली की गाडीतलं छोटं यंत्र आपली ओळख सांगतं : अमुक मार्गाची गाडी, अमुक दिशेने. पहिलं वेटोळं चौकापासून बऱ्याच अंतरावर असतं. तिथून संदेश आला की सिग्नलचं नियंत्रण करणारा संगणक हिशेब मांडतो की गाडी इतक्या सेकंदांनी चौकात पोहोचेल. मग तो बाकीच्या बाजूंचे हिरवे दिवे थोडे आखडतो किंवा थोडे लांबवतो, असे की गाडी येण्याच्या क्षणी तिची वाट मोकळी असावी. चौकाजवळचं दुसरं वेटोळं अंदाज पक्का करतं. चौक ओलांडल्यावरचं वेटोळं सांगतं की गाडी गेली, आता दिवा परत घ्या.

हा शेवटचा संदेश फार मोलाचा आहे. गाडीला प्राधान्य द्यायचं म्हणजे बाकीच्यांना मिनिटभर लाल दाखवायचा, असं पुष्कळांना वाटतं आणि वाहतूक खात्यातले लोक याच भीतीने नको म्हणतात. पण गाडी नेमकी केव्हा येणार आणि केव्हा गेली हे कळत असेल, तर तिला लागणारा हिरवा दिवा फक्त काही सेकंदांचा असतो. आडव्या रस्त्यावरच्या मोटारींना तो जाणवतही नाही. अडचण येते ती गाडी कधी येणार हे माहीतच नसतं तेव्हा.

आता हे सेकंद वाचवून काय मिळतं, ते आकड्यांत मांडू. समजा एक ट्राममार्ग आहे. एका टोकाहून निघून, दुसऱ्या टोकाला जाऊन, थोडा विसावा घेऊन परत यायला ९० मिनिटं लागतात. दिवसा दर साडेसात मिनिटांनी गाडी सोडायची आहे, जशी झ्युरिकमध्ये सोडतात. ९० भागिले ७.५, म्हणजे मार्गावर १२ गाड्या हव्यात आणि त्या चालवायला १२ चालक. आता समजा या पूर्ण फेरीत ३० सिग्नल लागतात आणि प्रत्येकाला गाडी सरासरी १५ सेकंद उभी राहते. एकूण ४५० सेकंद, म्हणजे बरोबर साडेसात मिनिटं. हा वेळ वाचला तर फेरी साडेब्याऐंशी मिनिटांची होते आणि तीच सेवा ११ गाड्यांत भागते. एक गाडी, तिचा चालक, तिची देखभाल, डेपोतली तिची जागा, सगळं सुटलं, आणि तेही वर्षानुवर्षं, रोज. ती बारावी गाडी दुसऱ्या मार्गावर घाला, कुठल्यातरी कमी फेऱ्यांच्या भागाला ती मिळेल.

वाहतुकीसाठी भांडणाऱ्या प्रत्येकाला हा भागाकार पाठ असला पाहिजे. ‘आमच्याकडे गाड्या नाहीत, चालक नाहीत’ हे उत्तर सगळ्यांना मिळतं. पण गाड्या असतात, त्या चौकाचौकांत उभ्या असतात.

वेळ वाचण्याइतकंच महत्त्वाचं आहे तो रोज सारखा लागणं. गाडीला दोन मिनिटं उशीर झाला की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमतात. ती चढायला वेळ लागतो, उशीर वाढतो. मागून येणाऱ्या गाडीला माणसं कमी मिळतात, ती लवकर सुटते, आणि शेवटी दोघी पाठोपाठ येतात. अर्धा तास काही नाही आणि मग एकदम दोन, हा अनुभव सगळीकडच्या प्रवाशांना आहे. लोक त्याचा दोष चालकाला देतात. चालक बिचारा काय करणार? ती गडबड रस्त्यात सुरू होते आणि गणिताने वाढत जाते. झ्युरिकमध्ये तिकीट खिडकीवर किंवा यंत्रावर आधी काढायचं, चढताना कुणी तपासत नाही, सगळ्या दारांतून एकदम चढउतार होते. तपासनीस मधेच कधीतरी येतात. त्यामुळे थांब्यावरचा वेळही आटोक्यात राहतो. गाड्यांवर नियंत्रण कक्षाची नजर असते आणि आपण वेळापत्रकाच्या किती पुढे किंवा मागे आहोत, हे चालकाला समोरच दिसतं.

साडेसात मिनिटांच्या अंतराचा आणखी एक गुण आहे. एका रस्त्यावर दोन मार्ग एकत्र धावले आणि त्यांची वेळ नीट बसवली, तर पावणेचार मिनिटांनी गाडी मिळते. मग वेळापत्रक बघायची गरजच उरत नाही. माणूस घरातून निघतो आणि थांब्यावर जाऊन उभा राहतो. ही सवय लागली की मोटारीची किल्ली शोधणं कमी होतं. लोकांना उपदेश करून हे होत नाही.

विरोध, आणि तो कसा हाताळला

मोटारवाल्यांचा आणि काही व्यापाऱ्यांचा विरोध संपला नाही. मध्यवस्तीत मोटार सहज येऊ शकली नाही तर गिऱ्हाईक जाईल, ही भीती प्रत्येक शहरातल्या दुकानदाराला वाटते. ती खोटी ठरवून हसण्यावारी नेऊ नये. ज्याचं पोट त्या दुकानावर आहे त्याला ती खरीच असते. झ्युरिकमध्ये यावर एक तडजोड झाली ती १९९६ मध्ये. मध्यवस्तीत मोटारी उभ्या करण्याच्या जागांची संख्या १९९० च्या पातळीवर गोठवायची. नवीन जागा जमिनीखाली किंवा इमारतीत तयार झाली, तर रस्त्यावरची तेवढी कमी करायची. दुकानदाराला जागा कमी न होण्याची हमी मिळाली, शहराला रस्ता मोकळा करण्याची वाट मिळाली. भांडण पूर्ण मिटलं नाही, पण प्रत्येक जागेसाठी नव्याने लढावं लागलं नाही.

दुसरी युक्ती जास्त धाडसी होती. शहराच्या वेशीवरच्या सिग्नलांनी आत येणाऱ्या मोटारींची संख्या मापून सोडायची. आतल्या चौकांना झेपेल तेवढ्याच आत घ्यायच्या, बाकीच्या बाहेर थांबतील. कोंडी व्हायचीच असेल तर ती जिथे ट्राम-बस अडकणार नाही अशा ठिकाणी होऊ द्यायची. हे उघडपणे बोलणं कुठल्याही नगरप्रशासनाला जड जातं. पण कोंडी कुठे असावी हे प्रत्येक शहर ठरवतच असतं. बहुतेक शहरं न बोलता ठरवतात आणि ती बसच्या माथी मारतात.

उपनगरी रेल्वे परत आली

मेट्रोबरोबर बुडालेली उपनगरी रेल्वे २९ नोव्हेंबर १९८१ रोजी पुन्हा मतदानाला आली, या वेळी एकटी. कँटोनचा वाटा ५२ कोटी ३० लाख फ्रँकचा. आठ वर्षांपूर्वी नको म्हणणाऱ्या कँटोनने या वेळी हो म्हटलं. मला वाटतं मधल्या काळातल्या रस्त्यावरच्या कामाचा यात मोठा वाटा होता. लोकांनी दिलेल्या पैशाचं काय झालं हे त्यांना रोज चौकात दिसत होतं. शिवाय ही योजना जुन्या रेल्वेमार्गांना जोडणारी होती. मुख्य स्थानकात येऊन संपणाऱ्या गाड्या नव्या बोगद्यातून श्टाडेलहोफेनला आणि तिथून त्सुरिखबेर्गच्या टेकडीखालून पलीकडे श्टेटबाखला न्यायच्या. म्हणजे गाव ते गाव, शहरातून आरपार.

२७ मे १९९० रोजी ही रेल्वे सुरू झाली, आणि त्याच दिवशी कँटोनभरच्या ट्राम, बस, रेल्वे आणि बोटींसाठी एकच तिकीट लागू झालं. तिकीट गाडीचं नव्हे, क्षेत्राचं. जेवढी क्षेत्रं ओलांडाल तेवढे पैसे, मधे कितीही वेळा गाडी बदला. चालवणाऱ्या संस्था अनेक, प्रवाशापुढे मात्र एकच नकाशा आणि एकच दर. त्याच महिन्यात झीलच्या खोऱ्यातून आणि युटलीबेर्गच्या डोंगरावरून येणारी छोटी रेल्वे मुख्य स्थानकापर्यंत आली. तिला फलाट कुठले मिळाले? १९७० मध्ये मेट्रोसाठी राखून ठेवलेले. वीस वर्षं रिकामी पडलेली ती जागा कामाला आली.

काय साधलं, काय नाही

२०१५ च्या प्रवास सर्वेक्षणात झ्युरिक शहरातल्या रहिवाशांच्या एकूण प्रवासांपैकी ४१ टक्के ट्राम, बस आणि रेल्वेने झालेले दिसले. मोटारीने २५ टक्के, पायी साधारण तेवढेच, बाकी सायकलने. ज्या देशात जवळपास कुणालाही मोटार परवडते तिथला हा आकडा आहे. माणसं नाइलाजाने ट्राममध्ये बसलेली नाहीत.

या यशात झ्युरिकच्या काही जन्मजात सोयी होत्या. १९७३ मध्ये तिथे ट्रामचं जाळं शाबूत होतं. ज्यांनी रूळ उखडून टाकले होते त्यांना हा पर्यायच उरला नव्हता. जिनिव्हाला पुढे ट्रामचे मार्ग पुन्हा बांधावे लागले. देशाची रेल्वे उत्तम होती, पैसा होता. आणि मुख्य म्हणजे नागरिकांच्या सह्यांना कायद्याचं बळ होतं. जिथे लोकप्रस्तावाची तरतूद नाही तिथे सह्यांचं निवेदन फार तर फाइलीत जातं. तिथे हीच मागणी अंदाजपत्रकाच्या वेळी, वॉर्डाच्या पातळीवर, एकेका चौकाच्या मोजमापासह रेटावी लागेल. घड्याळ आणि वही घेऊन थांब्यावर उभं राहायला कुठलाही कायदा लागत नाही. एका मार्गावरची गाडी कुठल्या चौकात किती वेळ उभी राहिली, हे दहा माणसं आठवडाभर बसून लिहू शकतात, आणि तसा कागद समोर आला की ‘बघू’ म्हणणं अवघड जातं.

उणी बाजूही आहे. उपनगरी रेल्वेमुळे लांबच्या गावांत राहून शहरात कामाला येणं सोपं झालं आणि वस्ती आणखी पसरली. १९७३ च्या विरोधकांना वाढत्या भाड्यांची भीती होती. मेट्रो न येऊनही घरं महाग झालीच. वाहतुकीच्या धोरणाने घरांचा प्रश्न सुटत नाही, तो स्वतंत्रपणे लढावा लागतो. तेव्हाच्या कार्यकर्त्यांनी दोन्ही एकत्र बघितले याचं मला कौतुक वाटतं, पण एकाच नकाराने दोन्ही साधतील ही त्यांची आशा पुरी झाली नाही.

आणि ट्रामलाही विरोध होतोच. २०१५ मध्ये लिमात नदीच्या खोऱ्यात आल्टश्टेटेनपासून श्लीरेन आणि डिएटिकॉनमार्गे किलवांगेनपर्यंतची नवी ट्रामसारखी रेल्वे मतदानाला आली, तेव्हा कँटोनने ती मोठ्या बहुमताने मंजूर केली. पण जिच्या दारातून ती जाणार होती त्या डिएटिकॉन आणि श्लीरेनमध्ये विरोधाची मतं जास्त पडली. आमच्या रस्त्याची मार्गिका जाणार, आमची झाडं जाणार, आणि वरून शहरासारखी दाटी येणार, ही तिथल्या लोकांची तक्रार होती. त्यांनी सह्या गोळा करून श्लीरेनच्या पुढचा दुसरा टप्पा थांबवण्यासाठी पुन्हा मतदान घ्यायला लावलं. सप्टेंबर २०१८ मध्ये कँटोनने तो प्रस्ताव फेटाळला. ज्या हत्याराने १९७७ ची लढाई जिंकली गेली, तेच हत्यार इथे ट्रामवर उगारलं गेलं. त्याचा हक्क त्यांनाही तेवढाच होता.

श्लीरेनपर्यंत ट्राम सप्टेंबर २०१९ मध्ये पोहोचली आणि सगळा मार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला.

१९७३ च्या मेट्रोचा नकाशा आज समोर ठेवला तर एक गोष्ट दिसते. त्या मेट्रोच्या मधल्या भागात, श्वामेंडिंगेनच्या बोगद्यात, ट्राम १९८६ मध्ये गेली. उत्तरेच्या टोकाला, विमानतळावर, ती २००८ च्या डिसेंबरमध्ये पोहोचली. पश्चिमेच्या टोकाला, डिएटिकॉनला, २०२२ मध्ये. पन्नास वर्षं लागली आणि मार्ग थोडा वाकडा आहे. मिल्खबुकला रूळ अजून एकमेकांना छेदतात, आणि दर काही मिनिटांनी एक गाडी तिथे बाजू बदलून खाली उतरते.